देव मत देत नाही : दक्षिण मुंबई, 1967

जानेवारी 1967. समजा, तुम्ही बेस्टच्या बसवर कंडक्टर आहात. राहायला चाळीतली दहा बाय बाराची खोली, घरात खाणारी सहा तोंडं. पाळी संपवून डेपोत पैसे भरताना युनियनचा कार्यकर्ता खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "आपले जॉर्ज उभे राहताहेत. लोकसभेला. स. का. पाटलांच्या समोर. पाच रुपये वर्गणी लिहितोय तुमच्या नावावर. आणि रविवारी दुपारी चार तास द्यायचे."

तुम्ही हसता. पाटलांच्या समोर? तेही मुंबईत?

हा कंडक्टर कल्पनेतला आहे. बाकीची माणसं, सनावळ्या आणि निकाल खरे आहेत. निवडून येण्याची शक्यता जवळपास नाही अशा उमेदवारामागे उभं राहावं का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणतो, मत वाया घालवू नका. दुसरा म्हणतो, तत्त्वासाठी हरलेलंही चालतं. दोघेही खिशातून कागद-पेन्सिल काढून हिशेब करत नाहीत, ही माझी तक्रार. दक्षिण मुंबईच्या या प्रकरणात तो हिशेब जानेवारीतल्या माणसाच्या जागी बसून करता येतो, म्हणून ते निवडलं. अट एकच: फेब्रुवारीतला निकाल आपल्याला ठाऊक आहे हे थोडा वेळ विसरायचं. फार अवघड असतं ते.

समोर कोण होतं

सदाशिव कानोजी पाटील. तीनदा मुंबईचे महापौर. मुंबई प्रदेश काँग्रेसचे वर्षानुवर्षांचे कर्तेधर्ते. केंद्रात आधी अन्न आणि शेती खातं, 1964 पासून रेल्वे. अमेरिकेकडून गहू आणण्याचा 1960 सालचा मोठा पीएल-480 करार त्यांच्या सहीचा. कामराज, अतुल्य घोष, निजलिंगप्पा यांच्या बरोबरीने काँग्रेसच्या 'सिंडिकेट'मध्ये त्यांचं नाव घेतलं जाई. पंतप्रधान कोण व्हावं हे ठरवणाऱ्या मोजक्या माणसांतले ते एक. मुंबईच्या व्यापारी पेढ्यांकडून पक्षासाठी पैसा उभा करावा तर तो पाटलांनीच. वर्तमानपत्रं त्यांना मुंबईचा अनभिषिक्त सम्राट म्हणत, आणि ते बिरुद त्यांना आवडत नसावं असं मानायला काही आधार नाही.

मराठी माणसाचं त्यांच्याशी जुनं भांडण होतं. नोव्हेंबर 1955 मध्ये गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाईंच्या बरोबर त्यांनी सभा घेतली. पाच हजार वर्षं गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा आशयाचं त्यांचं बोलणं त्या सभेतलंच. सभा उधळली गेली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभरावर माणसं गोळीबारात गेली आणि 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. पाच हजार वर्षांऐवजी साडेचार वर्षं लागली.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी. 1957 ची निवडणूक या रागाच्या ऐन भरात झाली. संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला मुंबईत घाम फोडला, कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले. आणि स. का. पाटील? ते निवडून आले. 1952 ला आले होते, 1962 ला पुन्हा आले. ज्या वर्षी त्यांच्याबद्दलचा राग सर्वात गरम होता त्या वर्षी जो पडला नाही, तो आता काय पडणार? आपला कंडक्टर हसला ते उगाच नाही. त्याच्याकडचा पुरावा त्याच्या हसण्याच्या बाजूने होता.

उभा राहणारा

जॉर्ज फर्नांडिस त्या वेळी 36 वर्षांचे. जन्म मंगळूरचा, घरची भाषा कोकणी. म्हणजे योगायोग पाहा, सावंतवाडीकडचे पाटील आणि मंगळूरचे फर्नांडिस, दोघेही एकाच किनाऱ्यावरून मुंबईला आलेले. वयात मात्र तीस वर्षांहून जास्त अंतर. घरच्यांनी जॉर्जना पाद्री व्हायला बंगलोरच्या सेमिनरीत पाठवलं होतं. तिथलं वातावरण पटलं नाही, बाहेर पडले आणि 1949 मध्ये मुंबईत आले. सुरुवातीच्या रात्री चौपाटीच्या वाळूत काढल्या, एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचं काम मिळालं, मग गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली युनियनचं काम शिकले. डिमेलो 1958 मध्ये गेले. तोवर जॉर्ज स्वतःच्या पायावर उभे होते: हॉटेलातली पोरं, महापालिकेचे झाडूवाले, टॅक्सीवाले, बेस्टचे ड्रायव्हर-कंडक्टर. 1961 मध्ये नगरसेवक झाले. 1963 मध्ये भारत संरक्षण कायद्याखाली काही महिने तुरुंगात होते. 'बंद' हा शब्द मुंबईच्या रोजच्या बोलण्यात रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा.

पक्ष होता संयुक्त समाजवादी पक्ष, डॉ. राममनोहर लोहियांचा. लोहियांचं त्या वेळचं सूत्र गैरकाँग्रेसवादाचं: विरोधकांनी आपापसात मतं न फोडता काँग्रेसला एकेका जागी गाठायचं. कागदावर सोपं, गल्लीत महाकठीण.

पाच रुपये, चार तास, एक मत

आता हिशेब. कंडक्टरकडे मागितलेल्या गोष्टी एक नव्हेत, तीन आहेत, आणि चौथी न मागता मागितलेली आहे: आपलं नाव. आपण 'पाठिंबा' असा एकच शब्द वापरतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. या चारही गोष्टींना वेगवेगळा भाव असतो.

मतापासून सुरुवात करू, कारण भीती सगळी तिथेच असते. मत वाया जाण्याची भीती खरी केव्हा? तर जेव्हा पहिले दोघे तुल्यबळ असतात, त्या दोघांतला एक तुम्हाला मुळीच नको असतो, आणि तुम्ही तिसऱ्याला मत देता. याचं अलीकडचं ठळक उदाहरण 2019 चं औरंगाबाद. इम्तियाज जलील आणि चंद्रकांत खैरे यांच्यातला फरक 4,492 मतांचा. आणि अपक्ष हर्षवर्धन जाधवांना मिळालेली मतं दोन लाख ऐंशी हजारांच्या वर. जाधवांना मत देणाऱ्या ज्या माणसाला पहिल्या दोघांपैकी एक अजिबात नको होता, त्याच्या मताची किंमत त्याला निकालाच्या संध्याकाळी कळली असेल. जाधवांनी उभं राहायला नको होतं असं मी म्हणत नाही. जो तिसऱ्याला मत देतो त्याने पहिल्या दोघांतलं अंतर आधी विचारावं, इतकंच.

दक्षिण मुंबईत 1967 मध्ये परिस्थिती याच्या उलट. कंडक्टरने जॉर्जना मत दिलं नाही तर कोण येणार? पाटील. दिलं आणि जॉर्ज पडले तर कोण येणार? पाटीलच. मधे असा कुणी बरा माणूस नाही की ज्याची संधी जॉर्जमुळे हुकेल. म्हणजे हे मत हरलं तरी त्यातून नुकसान शून्य. 'मतं खाणारा' हा शिक्का इथे लागूच पडत नाही, कारण खायला दुसऱ्या कुणाचं ताट मांडलेलंच नाही. मताचा प्रश्न मी तरी एका मिनिटात निकालात काढला असता.

चार तासांचं तसं नाही. रविवार एकच असतो. उमेदवार पडला तर ते तास परत येत नाहीत, पण त्या तासांत केलेलं काम कुठे जातं हे पाहायचं. निवडणुकीपुरती उघडलेली कचेरी मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी बंद होते आणि तिच्याबरोबर मतदारांच्या याद्या, ओळखी, गल्लीगल्लीतले फोन नंबर सगळं रद्दीत जातं. जॉर्जची कचेरी युनियनची होती. ती निवडणुकीआधी होती, नंतरही राहणार होती. ज्या चाळीच्या जिन्यावर कंडक्टर पत्रकं घेऊन चढेल, त्याच चाळीत पुढच्या संपाच्या वेळी त्याला जायचं आहे. रविवारचे चार तास त्याच्या स्वतःच्या पगारवाढीच्या खात्यात जमा होत होते, निकाल काहीही लागो.

पाच रुपये हा प्रश्न वाटतो त्याहून मजेशीर आहे. पाटलांच्या बाजूला पेढ्यांचा पैसा. त्यांना आणखी पाच रुपये मिळाले काय आणि न मिळाले काय. जॉर्जकडे काहीच नव्हतं, आणि काहीच नसलेल्याचा पहिला रुपया सर्वात जास्त काम करतो: शाई, कागद, खळ, ब्रश. त्यानंतरचे रुपये हळूहळू मंदावतात. म्हणून अशा उमेदवाराला द्यायचंच तर लवकर द्यावं. शेवटच्या आठवड्यात दिलेली वर्गणी बहुधा मंडप आणि भोंग्यांच्या बिलात जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

अनामत रक्कम हा एक जुना बागुलबुवा. लोकसभेच्या सर्वसाधारण जागेसाठी त्या वेळी 500 रुपये भरावे लागत. आज ते 25,000 आहेत. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर रक्कम जप्त. 'डिपॉझिट गेलं' हे आपण शिवीसारखं वापरतो. उमेदवाराच्या खर्चात ते सर्वात लहान कलम असतं.

राहिलं नाव. हे सर्वात महाग. बेस्टच्या कंडक्टरला युनियनचं कवच होतं, त्यामुळे त्याने उघड बिल्ला लावला तरी फार तर डेपोमास्तर चार दिवस तिरका वागेल. काळबादेवीच्या पेढीवरच्या कारकुनाचं काय? शेठ पाटलांना देणगी देणारा. अशा माणसाने सभेत पुढे बसू नये, वर्गणीच्या वहीत नाव लिहू नये, आणि कुणी विचारलं तर पाटीलच येणार असं म्हणावं. मत गुप्त असतं. त्या निवडणुकीत काय बोललं गेलं आणि पेटीत काय पडलं यांत मोठं अंतर पडलं असणार, आणि ते अशाच माणसांनी पाडलं असणार असं मला वाटतं. उघड पाठिंबा न देणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो, ते मला पटत नाही. ज्याला जे परवडतं ते त्याने द्यावं.

तर जानेवारीतला निर्णय असा होतो: मत, द्या. चार तास, द्या. पाच रुपये, घरात पीठ असेल तर आत्ताच द्या. बिल्ला, आपापलं बघून. यात जॉर्ज निवडून येतील असं मी कुठेच धरलेलं नाही. मला विचारलं असतं तर मी दहात एक म्हटलं असतं, आणि तेही उदार होऊन.

पाडता येतं

मराठीत उमेदवार 'उभा राहतो' आणि 'पडतो'. हरतो हे आपण क्वचित म्हणतो. आणि कुणी आपोआप पडत नाही, त्याला 'पाडावं' लागतं. जॉर्जच्या प्रचाराने नेमकी हीच जागा पकडली. मला निवडून द्या असं सांगण्याआधी त्यांनी भिंतींवर दुसरंच सांगितलं: स. का. पाटलांना पाडता येतं, आणि ते तुम्ही करू शकता. या आशयाची पत्रकं आणि भित्तिपत्रकं शहरभर लागली.

त्यात पाटलांनी स्वतः मदत केली. प्रत्यक्ष देव आला तरी मला पाडू शकणार नाही, असं ते पत्रकारांशी बोलताना म्हणाले, अशी आठवण त्या काळच्या अनेकांनी सांगितली आहे. समाजवाद्यांनी ते उचललं आणि भिंतीवर उत्तर दिलं: देवाचं नाव मतदारयादीत नाही, तुमचं आहे. शब्द थोडे इकडचे तिकडे करून ही गोष्ट आजही सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याचे डोळे चमकतात.

ही नुसती चतुराई नव्हती. दुबळ्या उमेदवाराचा खरा शत्रू समोरच्या उमेदवारापेक्षा 'येणार नाही' ही समजूत असते. दहा माणसांना पाटील नकोत, पण प्रत्येकाला वाटतं की उरलेले नऊ त्यांनाच देणार. मग दहाच्या दहा घरी बसतात किंवा जिंकणाऱ्याला देतात. चाळीच्या गॅलरीत ही समजूत कुणी मोडायची? सभेतला वक्ता मोडू शकत नाही, तो तर बोलणारच. ती मोडतो रोज बसमध्ये तिकीट फाडणारा ओळखीचा कंडक्टर, सकाळी गल्ली झाडणारा, टॅक्सीत मागे वळून बोलणारा. मुंबईत रोज सर्वात जास्त लोकांशी बोलणारी ही माणसं, आणि ती एकाच माणसाच्या युनियनमध्ये होती. पाटलांच्या पेढ्यांकडे पैसा होता, पण पेढीवरचा शेठ दिवसाला कितीशा अनोळखी माणसांशी बोलतो?

फेब्रुवारीत मतदान झालं. लोकसभा आणि विधानसभा एकत्रच, देशात सगळीकडे तसं झालेली ती शेवटची निवडणूक. जॉर्ज फर्नांडिसना साधारण साडेअठ्ठेचाळीस टक्के मतं मिळाली आणि स. का. पाटील पडले. केंद्रातला रेल्वेमंत्री, एका नगरसेवकाकडून. वर्तमानपत्रांनी 'जायंट किलर' असं नाव ठेवलं, ते त्यांना आयुष्यभर चिकटलं.

साडेअठ्ठेचाळीस. निम्म्याहून कमी. याचाच अर्थ उरलेली मतं एकट्या पाटलांना मिळाली नाहीत, आणखी कुणी कुणी त्यात होते. विजयाच्या गोष्टीत ही बारीक बाब कुणी सांगत नाही. मतविभागणी जशी दुबळ्याला बुडवते तशी कधी तारतेही.

त्याच शहरात, त्याच महिन्यात

इथे गोष्ट संपवली असती तर ती शाळेच्या गॅदरिंगमधल्या भाषणासारखी झाली असती. म्हणून ईशान्य मुंबईकडे वळू.

व्ही. के. कृष्ण मेनन. मुंबईतून 1957 आणि 1962 मध्ये निवडून आलेले. दुसऱ्यांदा तर आचार्य कृपलानींसारख्या माणसाला हरवून. 1962 च्या चीन युद्धातच संरक्षणमंत्रिपद गेलं. 1967 मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारलं, ते पक्षातून बाहेर पडले आणि ईशान्य मुंबईत अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे, आयसीएसमधले नावाजलेले प्रशासक, पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरताना ज्यांचं नाव घराघरात गेलं ते. नुकत्याच स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन यांना कडाडून विरोध केला. मेनन पडले. बर्वे निवडणुकीनंतर लगेचच वारले, पोटनिवडणूक लागली, त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा पडले.

नाव, अनुभव, जगभरची ओळख या सगळ्यांत मेनन जॉर्जपेक्षा कितीतरी मोठे. जानेवारीत कुणी दोन्ही जागांवर पैज लावायला सांगितलं असतं तर मी पैसे मेननांवर लावले असते. मग फरक कुठे पडला? मला दिसतो तो असा: मेनन आधी दोनदा निवडून आले ते काँग्रेसच्या यंत्रणेवर. ती यंत्रणा काढून घेतल्यावर हाती राहिलं त्यांचं मोठेपण आणि डाव्यांचा उसना हात. 'आपला माणूस' म्हणून रविवारी जिने चढणारा स्वतःचा कुणी त्यांच्याकडे नव्हता. शिवाय समोरचा माणूस चिडवणारा नव्हता. बर्व्यांना पाडा असं भिंतीवर लिहायला कुणाचा हात उठला असता?

मेनन यांना मत देणाऱ्याचा निर्णय चुकला का, असं विचाराल तर मी नाही म्हणेन. तेही दुसऱ्या क्रमांकावर होते, त्यांच्यामुळे तिसरा कुणी बुडाला नाही. मताचा हिशेब तोच. पण रविवारचे चार तास? ते मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी विरून गेले. मेनन पुढे 1969 मध्ये बंगालमधल्या मिदनापूरहून आणि 1971 मध्ये त्रिवेंद्रमहून लोकसभेवर गेले. त्यांना दुसरीकडे जागा मिळाली. ईशान्य मुंबईत त्यांच्यासाठी राबलेल्यांच्या हाती काय राहिलं, याची नोंद कुणी ठेवत नाही.

आणखी एक खडा. 1967 हे सालच वेगळं होतं. दोन वर्षांचा दुष्काळ, रेशनच्या रांगा, जून 1966 मधलं रुपयाचं अवमूल्यन, डॉलरला 4.76 रुपये होते ते एका रात्रीत 7.50 झाले. काँग्रेस लोकसभेत 283 वर आली. तिकडे विरुदुनगरला खुद्द कामराज एका विद्यार्थी नेत्याकडून पडले, बांकुऱ्यात अतुल्य घोष पडले. म्हणजे पाटील एकटे पडले नाहीत, त्यांच्या पंगतीतले बरेच पडले. जॉर्जच्या विजयातलं किती श्रेय जॉर्जचं आणि किती महागाईचं, हे वेगळं काढून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. 1971 मध्ये इंदिरा गांधींची लाट आली तेव्हा त्याच दक्षिण मुंबईतून काँग्रेसचे डॉ. एन. एन. कैलास निवडून आले. माणूस तोच, युनियन तीच, भिंती त्याच. साल बदललं.

आणि साल आधी दिसत नाही. म्हणूनच निवडून येण्याच्या अंदाजावर पाठिंबा ठरवणं मला भरवशाचं वाटत नाही.

तीच जागा, बेचाळीस वर्षांनी

दक्षिण मुंबईने नंतरही असा एक प्रयोग पाहिला. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर शहरात, विशेषतः इंग्रजी बोलणाऱ्या शहरात, राजकारण्यांबद्दल प्रचंड संताप होता. मीरा सन्याल, एका परदेशी बँकेच्या भारतातल्या प्रमुख, 2009 मध्ये तिथून अपक्ष उभ्या राहिल्या. बाई अभ्यासू, स्वच्छ, बोलायला नम्र. मेणबत्त्या घेऊन गेटवेवर जमलेली गर्दी पाहून अनेकांना वाटलं, या वेळी काहीतरी होणार. त्यांना दहा हजारांच्या आसपास मतं मिळाली. मिलिंद देवरा निवडून आले. 2014 मध्ये त्या आम आदमी पक्षाकडून पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा मतं चाळीस हजारांच्या घरात गेली. निवडून आले अरविंद सावंत. दोन्ही वेळा डिपॉझिट गेलं.

इथे लोक हसतात. मी हसत नाही, पण कंडक्टरची पट्टी त्यांनाही लावायलाच हवी. पहिल्या वेळी मागे होता राग, आणि राग चार महिन्यांत निवतो. जिने चढणारे होते, पण ते मतदारसंघाच्या एका टोकाचे; 2008 च्या पुनर्रचनेनंतर त्यात वरळी, शिवडी, भायखळा आले होते आणि तिथल्या चाळीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या वेळी पक्ष होता, झाडू होता, देशभर हवा होती. मतं चौपट झाली, ती संघटनेमुळे. पहिल्या निवडणुकीत राबलेल्यांतले काहीजण दुसरीतही होते, म्हणजे पहिले रविवार अगदीच पाण्यात गेले नाहीत. तिसऱ्या फेरीची वेळ मात्र आली नाही. जानेवारी 2019 मध्ये त्या गेल्या.

मुझफ्फरपूर

पराभवानंतर पाटील 1969 मध्ये गुजरातच्या बनासकांठ्यातून पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत परतले, पण मुंबईचा सम्राट ही गादी काही परत मिळाली नाही. जॉर्ज 1971 मध्ये पडले आणि पुन्हा युनियनच्या कचेरीत जाऊन बसले. मे 1974 मध्ये देशभरचा रेल्वे संप त्यांच्या नेतृत्वाखाली वीस दिवस चालला. एकेकाळी ज्या रेल्वेमंत्र्याला त्यांनी पाडलं, त्याच्याच खात्याची चाकं त्यांनी थांबवून दाखवली. रविवारी चार तास देणाऱ्यांनी नेमकं काय उभं केलं होतं ते मला 1967 च्या निकालापेक्षा या संपात जास्त दिसतं.

इथवर माझी कसोटी बरी चालली: पहिल्या दोघांतलं अंतर पाहा, उमेदवार अर्ज भरायच्या आदल्या दिवशी काय करत होता ते पाहा, मोजणीच्या दुसऱ्या दिवशी कुठे सापडेल ते पाहा. पण एक जागा अशी आहे जिथे ती साफ आपटते, आणि ती लपवणं बरं नव्हे.

1977. जॉर्ज बडोदा डायनामाइट खटल्यात, म्हणजे आणीबाणीविरुद्ध स्फोटांचा कट केल्याच्या आरोपाखाली, तुरुंगात. आणीबाणीतली निवडणूक लढवूच नये असं त्यांचं मत. शेवटी तुरुंगातूनच बिहारच्या मुझफ्फरपूरहून अर्ज भरला गेला. तिथे त्यांची युनियन नव्हती, बेस्ट नव्हती, त्यांना रोज भेटणारा एक कंडक्टर नव्हता. प्रचाराला ते एकदाही जाऊ शकले नाहीत. गेला तो त्यांचा बेड्या घातलेला फोटो. ते तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. पुढे मंत्रीही झाले, आणि कुणाच्या मंत्रिमंडळात? 1955 मध्ये पाटलांच्या शेजारी चौपाटीच्या व्यासपीठावर बसलेल्या मोरारजी देसाईंच्या.

तेव्हा माझ्या त्या कंडक्टरकडे डेपोत कुणी येऊन म्हटलं असतं की जॉर्ज बिहारमध्ये उभे आहेत, तुरुंगातून, पाच रुपये लिहितो, तर वरच्या सगळ्या हिशेबाने मी त्याला सांगितलं असतं, ठेव खिशात. आणि तो देऊन मोकळा झाला असता, असा मला दाट संशय आहे.